कॅप शाबूत, दात मात्र विरघळला!

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखातले दात जमिनीतून वर काढले आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन चाललं आणि ताम्रपाषाण युगातलं अख्खं गाव उजेडात आलं. घरं सापडली, चुली सापडल्या, भांडी भाजायची भट्टी सापडली आणि घरांच्याच जमिनीखाली पुरलेली माणसंही सापडली. त्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी केला. डेक्कन कॉलेजने तो १९८६ मध्ये प्रसिद्ध केला.

एवढ्या वर्षांत लाकूड कुजलं, कापड गेलं, कातडं गेलं. उरलं काय? काळ्या नक्षीची, जोर्वे संस्कृतीची तांबडी खापरं, हाडं आणि दात. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिजच असतं. शरीरात त्याहून कठीण काहीच नाही.

आता मजा बघा. भाजलेली माती आणि दात या दोन चिवट वस्तू आज आपल्या तोंडात शेजारीशेजारी नांदतात. एक खरा दात, दुसरी त्यावर बसवलेली सिरॅमिकची कॅप. दोघांवर एकच संकट येतं, ते म्हणजे पोटातून घशाशी येणारं आम्ल. ज्यांना वरचेवर पित्त होतं, आंबट ढेकर येतात, रात्री छातीत जळजळतं, त्यांच्या तोंडात हा सामना रोज रंगतो. त्याचा निकाल बहुतेकांना वाटतो त्याच्या उलट लागतो.

खापर वाचतं, हाड जातं

उत्खननात निघालेल्या खापरांवर चुन्याची पांढरी पुटं चढलेली असतात. ती काढायला पुरातत्त्वज्ञ अनेकदा पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आधी खापर साध्या पाण्यात भिजवतात, मग आम्लाचा हात फिरवतात आणि शेवटी भरपूर पाण्याने धुतात. चुना फसफसून निघून जातो, भाजलेली माती जागच्या जागी राहते. हाडं आणि दात मात्र त्या आम्लाच्या आसपासही नेत नाहीत. त्यांच्यातलं कॅल्शियम त्यात विरघळून जाईल ना!

आपल्या जठरात तयार होतं तेही हायड्रोक्लोरिक आम्लच. विल्यम प्राऊट या इंग्रज डॉक्टरांनी १८२४ मध्ये ते सिद्ध केलं, तेव्हा अनेकांना पटेना, की जिवंत शरीर एवढं जहाल रसायन स्वतः तयार करतं. जठर दिवसाला दीड-दोन लिटर पाचक रस सोडतं. जठराच्या भिंतीला स्वतःचं संरक्षण असतं. दातांना तसलं काही नाही, कारण हे आम्ल तोंडात येणं निसर्गाच्या हिशेबातच नव्हतं.

(एक खुलासा इथेच करतो. उलटीच्या शेवटी जे हिरवट-पिवळं कडूजहर पाणी पडतं, तो यकृताचा पित्तरस. तो आम्लधर्मी नसतो. दातांना खातं ते आंबट पाणी.)

चार पायऱ्या, दहा हजार पट

आम्लाची तीव्रता पीएचमध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितकं आम्ल जहाल. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. त्याच्या आतला डेंटिनचा थर तर त्याच्याही आधी, सहाच्या वर असतानाच हार मानतो. जठररसाचा पीएच असतो एक ते दोनच्या घरात. ५.५ आणि १.५ मध्ये फक्त चार पायऱ्यांचं अंतर दिसतं. पण पीएचची प्रत्येक पायरी दहा पटींची, म्हणून हा फरक दहा हजार पट होतो.

लिंबाचा रसही दोनच्या आसपासच असतो. पित्तावर उतारा म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिंबूपाणी चघळत, घोट घोट तोंडात घोळवत पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोटाला बरं वाटो न वाटो, दातांना त्याचा भुर्दंड पडतोच. कोकम सरबतालाही तोच न्याय. प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर प्या, पटकन प्या आणि वरून साधं पाणी प्या.

आरशात न दिसणारी जागा

आम्लाची पहिली झळ लागते ती वरच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला, टाळूकडच्या अंगाला. खालचे समोरचे दात जिभेच्या आडोशाला असतात, त्यांना लाळेचा पुरवठाही भरपूर. वरच्या दातांना दोन्ही कमी. म्हणून हसताना दात पांढरेशुभ्र दिसतात आणि मागून पोखरत जातात.

दंतवैद्य छोटा आरसा आत घालून बघतात तेव्हा चित्र असं दिसतं: दाताच्या मागच्या भागावर बारीक उंचवटे, रेषा, खाचा असायला हव्यात, त्या पुसल्या गेलेल्या असतात. पृष्ठभाग गुळगुळीत, काहीसा मऊ चकाकीचा, जणू कुणी पॉलिश केलंय. मधोमध पिवळसर छटा असते, कारण इनॅमल पातळ होऊन आतला पिवळा डेंटिन डोकावतो. हिरडीच्या कडेला मात्र इनॅमलची एक बारीक पांढरी किनार शिल्लक राहते. दाताची धार इतकी पातळ होते, की प्रकाश आरपार जातो आणि ती करडी-निळसर दिसते. मग एक दिवस भाकरीच्या तुकड्यालासुद्धा तिचा टवका उडतो.

बेट वर येतं

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती खूण. दाढेत चांदीचं मिश्रण भरलेलं असतं, ते भरताना दाताच्या पातळीला अगदी सारखं केलेलं असतं. काही वर्षांनी ते बेटासारखं वर आलेलं दिसतं. लोक म्हणतात, भरलेलं सुटून वर आलं. भरलेलं जागचं हललेलंच नसतं. भोवतालचा दात खाली गेलेला असतो! चांदीवर जठराच्या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही, दातावर होतो. असं बेट दिसलं की जाणता दंतवैद्य पहिला प्रश्न दातांचा विचारतच नाही. तो विचारतो, "पित्ताचा त्रास आहे का? रात्री घशाशी येतं का?"

अनेकांचा आम्ल वर येण्याचा विकार असाच दातांच्या खुर्चीत पहिल्यांदा उघडकीला येतो. छातीत जळजळ न होताही आम्ल वर येऊ शकतं. झोपेत येतं, तेव्हा तर माणसाला पत्ताच नसतो.

कॅपचा जन्म निळा

सिरॅमिकच्या दाताची कल्पना सुचली ती दंतवैद्याला नव्हे, पॅरिसजवळच्या एका औषधविक्रेत्याला. अलेक्सी द्युशातो यांची हस्तिदंती कवळी डागाळली होती, तिला वास येत होता. दुकानातल्या चिनी मातीच्या खलांना तसं काही होत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी घडली. म्हणजे या धंद्याच्या मुळाशीच डाग न पडणारं रूप आहे.

आज पुण्यात कॅप बसवायला गेलात तर साधारण तीन पर्याय समोर येतात. आत धातू आणि वर सिरॅमिक, काचेच्या जातीचं लिथियम डायसिलिकेट, आणि झिरकोनिया. लिथियम डायसिलिकेटची वडी मशीनवर कोरतात तेव्हा ती चक्क जांभळट-निळी असते. भट्टीत साधारण ८४० ते ८५० अंश सेल्सियसला गेली की आतले स्फटिक वाढतात आणि दातासारखा रंग येतो. झिरकोनिया मात्र साधारण १,४५० ते १,५०० अंशांवर पक्का होतो आणि पक्का होताना आकाराने बराच आवळतो. म्हणून तो आधी मोठा कोरून ठेवतात. कॅप शेजारच्या दाताशी जुळावी म्हणून लॅबमधला कारागीर कुंचल्याने वरून छटा देतो, हिरडीजवळ जरा पिवळी, टोकाला जरा करडी. त्यावर काचेचा पातळ थर चढवून पुन्हा भट्टीत घालतात. हा थर म्हणजे ग्लेझ. कॅपचं सगळं तेज या मायक्रॉनांत मोजायच्या थरात असतं आणि आम्लाशी पहिली गाठ त्याचीच पडते.

काच विरघळत नाही, निस्तेज होते

हायड्रोक्लोरिक आम्ल काचेच्या बाटलीत सुखाने राहतं हे शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलंय. सिरॅमिकमधलं सिलिका त्याला दाद देत नाही. सिलिकाला फोडतं ते हायड्रोफ्लुओरिक आम्ल. लिथियम डायसिलिकेटची कॅप चिकटवण्यापूर्वी तिच्या आतल्या अंगाला दंतवैद्य पाच टक्क्यांचं हेच आम्ल वीसेक सेकंद लावतात, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होऊन सिमेंट नीट धरतो. झिरकोनियावर तेही फारसं चालत नाही, त्याला वेगळी तयारी लागते.

मग जठराचं आम्ल सिरॅमिकला करतं काय? काचेच्या जाळीत सोडियम, पोटॅशियमचे आयन बसलेले असतात. आम्लातले हायड्रोजन आयन त्यांना बाहेर काढून त्यांची जागा घेतात. वरवरचा थर हळूहळू कमकुवत होतो, सूक्ष्म खड्डे पडतात. प्रकाश सरळ परत येण्याऐवजी विखुरतो आणि कॅप मंद दिसू लागते. खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या पुढे गेला की जंतूंचा थर जास्त चिकटतो. मग चहा, तंबाखू, हळद यांना बसायला जागा मिळते. वरून दिलेली छटा झिजली, की शेजारच्या दाताशी इतक्या कष्टाने जुळवलेला रंगही बिनसतो.

हे सगळं सावकाश होतं, आणि कुठल्या जातीचं सिरॅमिक आहे त्यावर अवलंबून असतं. काचेचं प्रमाण जितकं जास्त, तितका परिणाम जास्त. झिरकोनिया सगळ्यांत निबर.

परीक्षा व्हिनेगरची

दातांचं सिरॅमिक बाजारात येण्याआधी त्याची आम्लपरीक्षा होते. आंतरराष्ट्रीय मानक ६८७२ सांगतं, की ते चार टक्के अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या ताकदीच्या द्रावात, ८० अंश सेल्सियसला १६ तास बुडवून ठेवा. तोंडाशी थेट संबंध येणाऱ्या सिरॅमिकचं वजन दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी घटलं पाहिजे. एवढी कडक परीक्षा पास झालेला माल आपल्या तोंडात बसतो, हे ऐकून जिवाला बरं वाटतं.

पोटाच्या आम्लाची परीक्षा वेगळी घेतात. २०१५ मध्ये फिनलंडशी संबंधित संशोधकांनी झिरकोनियाचे वेगवेगळे नमुने कृत्रिम जठररसात शरीराच्या तापमानाला ९६ तास ठेवले. पृष्ठभागावर थोडे बदल दिसले, रंगरूपावर परिणाम अगदी किरकोळ. गंमत म्हणजे काही नमुन्यांचा पृष्ठभाग उलट जास्त गुळगुळीत आणि चकचकीत झाला. संशोधकांनी मात्र लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. हा गुळगुळीतपणा टिकाऊपणाची खूण आहे की सगळा पृष्ठभाग एकसारखा झिजत चाललाय त्याची, हा प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

डोळ्याला कधी कळतं?

रंगातला फरक मोजायला डेल्टा ई नावाचं माप आहे. नेहमीच्या मोजणीत फरक सुमारे १.२ झाला की पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या लक्षात येतो. सुमारे २.७ झाला की निम्म्यांना तो खटकतो. या दोन आकड्यांच्या मध्ये घरातल्या माणसांना काही खटकत नाही आणि सेल्फी काढणाऱ्याला मात्र खटकतं! दंतवैद्यांच्या नेहमीच्या शेड गाइडमध्ये सोळा छटा असतात. त्या शक्यतो दिवसाच्या उजेडात आणि दात ओले असतानाच जुळवून घ्याव्यात. दात कोरडा पडला की काही मिनिटांत पांढरट दिसतो आणि अंदाज चुकतो.

खरी खराबी सांध्यात

बाथरूमची फरशी अ‍ॅसिड टाकून घासली की टाइल चकचकीत राहते आणि मधल्या फटींतलं सिमेंट खाऊन जातं. तोंडात अगदी तेच होतं. कॅप ठणठणीत, पण ती जिथे संपते आणि खरा दात सुरू होतो तिथली कड विरघळते. कॅप चिकटवलेलं सिमेंट झिंक फॉस्फेटचं किंवा ग्लास आयोनोमरचं असेल तर तेही आम्लात झिजतं. रेझिनचं सिमेंट जास्त तग धरतं. कडेला आधी पिवळी-तपकिरी रेघ दिसते. कॅप धातूवरची असेल तर करडी रेघ दिसते. मग गार पाणी लागलं की दात शिवशिवतात, फटीत अन्न अडकतं आणि आतून कीड लागते.

म्हणून कॅपचं रूप बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा खरा बिघाड तिच्या शेजारी झालेला असतो. शेजारचे दात पिवळे, आखूड, पातळ होतात आणि बदल न झालेली कॅप एकटी पांढरी, लांब, परकी दिसू लागते.

जेलची सावधगिरी

आम्लाने दात झिजले की फ्लोराइड लावतात, ते योग्यच. पण फ्लोराइडचं एक जेल स्वतःच आम्लधर्मी असतं, फॉस्फेट घातलेलं, १.२३ टक्क्यांचं. ते सिरॅमिकच्या ग्लेझची चमक घालवतं. तोंडात कॅप किंवा व्हेनिअर (दातावर चिकटवलेले सिरॅमिकचे पातळ पापुद्रे) असतील तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइड लावा, असं दंतवैद्याला बेलाशक सांगावं. कॅप घासून उंची कमी केली असेल तर तिथे पुन्हा पॉलिशही करून घ्यावं. न केलेली जागा चहाचा डाग सगळ्यात आधी धरते.

येरवड्याचा सोडा

१९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी आमरण उपोषण केलं. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना लिहिलेल्या पत्रातच त्यांनी कळवलं होतं, की अन्न अजिबात घेणार नाही, फक्त पाणी घेईन, वाटल्यास त्यात मीठ आणि सोडा. २० तारखेला उपोषण सुरू झालं, २४ ला पुणे करार झाला, २६ ला ते सुटलं.  

तो सोडा म्हणजे खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. आपली लाळही आम्ल मारते ती बायकार्बोनेटच्याच जोरावर. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचं आंबट पाणी सगळ्यात घातक. आजचे दंतवैद्य उलटीनंतर हाच सोडा सुचवतात, प्यायला नव्हे, चूळ भरायला: पेलाभर पाण्यात चमचाभर सोडा, खळखळून चूळ, मग साधं पाणी. आणि सर्वांत महत्त्वाचं, लगेच ब्रश करायचा नाही. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशच्या केसांनी खरवडून निघतो. अर्धा ते एक तास थांबायचं. गरोदरपणात सकाळच्या उलट्यांनी हैराण झालेल्या बायकांना ही एक गोष्ट आधी सांगायला हवी. तोंडाची चव बिघडते म्हणून ब्रश हातात घेण्याचा मोह त्यांनाच जास्त होतो.

आपल्याकडे बरेच जण सकाळी कोमट मिठाचं पाणी पिऊन वमन करतात. काही जण डोकं दुखायला लागलं की घशात बोटं घालून पित्त पाडतात. भरपूर पाण्यामुळे आम्ल पातळ होतं हे खरं. बोटं घालून काढलेल्या उलटीत ती सवलत नसते, आणि ही सवय वर्षानुवर्षं चालली तर दातांचा मागचा भाग हमखास झिजतो. चूळ दोन्हीनंतर भरावीच.

आधी पोट, मग कॅप

नव्या कॅप बसवायच्या घाईत बरेच जण मूळ दुखणं तसंच ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे, की आम्ल आटोक्यात येईपर्यंत रूपासाठी मोठा खर्च करू नये. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावं. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलावी, नुसती जास्तीची उशी घेऊन भागत नाही. डाव्या कुशीवर झोपावं, त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने गोळ्या खाण्यापेक्षा पोटाच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं.

आणि एक विनंती. घरातली तरुण मुलगी किंवा मुलगा जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावत असेल, वजनाची धास्ती घेऊन उलट्या काढत असेल, तर त्याची पहिली खूण अनेकदा दातांच्या मागेच उमटते. अशा वेळी ओरडू नका, टोमणे मारू नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दंतवैद्याच्या खुर्चीत बसाल तेव्हा पित्ताचं, उलट्यांचं, चालू गोळ्यांचं सगळं मोकळेपणाने सांगा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.